‘वज्रसूची’ कोणाची? : एक नाव, दोन ग्रंथ आणि कर्तृत्वाचा प्रश्न

वर्षावासातील प्रवचनांतून, धम्म परिषदांच्या व्यासपीठांवरून आणि आपल्या नियतकालिकांतून ‘वज्रसूची’ या ग्रंथाचा उल्लेख वारंवार होत असतो. जन्मावर आधारलेल्या ब्राह्मण्याचा ब्राह्मणी शास्त्रांच्याच आधारे पाडाव करणारा ग्रंथ म्हणून त्याचे नाव आदराने घेतले जाते, आणि महाकवी अश्वघोष हा त्याचा कर्ता म्हणून सांगितला जातो. परंतु असा उल्लेख करणाऱ्यांपैकी अनेकांच्या हाती प्रत्यक्षात जो मजकूर असतो तो अश्वघोषाच्या नावावरील ग्रंथाचा नसून ‘वज्रसूचिकोपनिषद्’ या लहानशा उपनिषदाचा असतो, असे आम्हांस आढळून आले आहे. दुसऱ्या बाजूने, ‘हिंदू धर्मग्रंथांनीच जातिभेद नाकारला आहे’ असे प्रतिपादन करणारे विद्वान त्याच उपनिषदाचा हवाला देतात आणि बौद्धांची ‘वज्रसूची’ ही त्याचीच प्रत असल्याचे सुचवितात. एका नावाच्या दोन ग्रंथांमुळे उडालेला हा गोंधळ केवळ ग्रंथसूचीकारांच्या चिंतेचा विषय नाही. जातिभेदाविरुद्धच्या युक्तिवादाचा वारसा कोणाचा, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे. म्हणून या दोन्ही ग्रंथांचे स्वरूप, त्यांच्या कर्तृत्वाविषयीचे पुरावे आणि त्यांतील भेद यांची चिकित्सा करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

दोन ग्रंथांचे स्वरूप

प्रथम उपनिषदाकडे पाहू. ‘मुक्तिकोपनिषदा’ने दिलेल्या १०८ उपनिषदांच्या यादीत ‘वज्रसूचिका’ ३६ वी असून ती सामवेदाशी जोडलेली आहे. परंपरेने काही ठिकाणी ती शंकराचार्यांच्या नावावरही सांगितली आहे. ग्रंथ अगदी लहान, गद्यमय आणि आटोपशीर आहे. ब्राह्मण म्हणजे कोण, असा प्रश्न उपस्थित करून जीव, देह, जाती, ज्ञान, कर्म आणि धार्मिकता हे सहा पर्याय एकामागून एक तपासले जातात व नाकारले जातात. एकच जीव अनेक देहांतून फिरतो, म्हणून जीव ब्राह्मण नव्हे. सर्वांचे देह त्याच पंचमहाभूतांचे बनलेले असतात, ब्राह्मण गोरा व शूद्र काळा असा नियम दिसत नाही, आणि देहच ब्राह्मण असता तर पित्याच्या प्रेताला अग्नी देणाऱ्या पुत्रास ब्रह्महत्येचे पातक लागले असते. म्हणून देहही ब्राह्मण नव्हे. ऋष्यशृंग हरिणीपासून, व्यास कोळ्याच्या मुलीपासून, वसिष्ठ उर्वशीपासून जन्मले. म्हणून जातीही ब्राह्मण नव्हे. ज्ञान, कर्म व दानधर्म तर क्षत्रियादिकांतही दिसून येतात. सहाही पर्याय असे निकालात काढल्यावर उपनिषद आपला सिद्धान्त सांगते : अद्वितीय आत्म्याचा ज्याला साक्षात्कार झाला तोच ब्राह्मण होय.

अश्वघोषाच्या नावावरील ‘वज्रसूची’ हा याहून बराच मोठा, गद्यात श्लोक गुंफलेला वादग्रंथ आहे. त्याच्या आरंभी मंजुघोषाला वंदन असून कर्ता म्हणून अश्वघोषाचे नावही येते. त्यातही ब्राह्मण्याचे आधार तपासले आहेत. मात्र येथे ते सात आहेत : जीव, जाती, शरीर, ज्ञान, आचार, कर्म आणि वेद. ऋष्यशृंग, व्यास, वसिष्ठ यांचे दाखले आणि प्रेतदहनाचा युक्तिवाद दोन्हीकडे समान आहे. परंतु बौद्ध ग्रंथाची पद्धती निराळी आहे. तो प्रतिपक्षाचीच शास्त्रे हाती घेतो. मनूचे व महाभारताचे श्लोक तो पुढे ठेवतो आणि त्यांतील विसंगती उघड करतो. मांस, लाख, मीठ व दूध विकणारा ब्राह्मण पतित होतो व शूद्रत्वास पोहोचतो असे जर मनूच सांगतो, तर ब्राह्मण्य जन्माने अढळ राहते हे म्हणणे टिकणार कसे, असा त्याचा प्रश्न आहे.

यापुढे तो जे मांडतो त्याचा उपनिषदात मागमूस नाही. शूद्र हा शब्द वर्णांच्या क्रमात शेवटी येतो म्हणून शूद्र नीच, या समजुतीला त्याने दिलेले उत्तर मार्मिक आहे. पाणिनीच्या एका सूत्रात श्वान, युवा आणि मघवा म्हणजे इंद्र हे शब्द याच क्रमाने आले आहेत. क्रमावरून जर योग्यता ठरत असेल, तर देवांचा राजा कुत्र्याहून हीन ठरेल! पुरुषाच्या मुखातून ब्राह्मण जन्मला असे म्हणता, तर ब्राह्मणी कोठून जन्मली? तीही मुखातूनच म्हणावी, तर ती बहीण ठरते. मग विवाह कसा होतो? एका पित्याच्या चार पुत्रांच्या चार जाती कशा होतील? उंबराची वा फणसाची फळे फांदीवर, खोडावर व मुळाशी लागतात. म्हणून ती निरनिराळ्या जातीची होतात काय? गाय, हत्ती, घोडा, गाढव यांची पावले ओळखता येतात; वड, पळस, बकुळ यांची पाने, फुले व फळे वेगळी दिसतात; परंतु ब्राह्मणाचे पाऊल आणि शूद्राचे पाऊल यांत कोणी फरक दाखवावा. मनुष्यजात एकच आहे, हा या ग्रंथाचा कणा होय.

या युक्तिवादाचे उगमस्थान

हा शेवटचा युक्तिवाद वाचताना ज्याने सुत्तनिपात व मज्झिमनिकाय वाचले आहे, त्याला वासेट्ठसुत्ताची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. वासेट्ठ व भारद्वाज हे दोन तरुण ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने, असा वाद घेऊन तथागतांकडे येतात. तेव्हा तथागत गवत, वृक्ष, किडे, चतुष्पाद, सर्प, मासे, पक्षी यांच्यात जातिपरत्वे जी चिन्हे दिसतात तशी माणसामाणसांत दिसत नाहीत, हे एकेक अवयव घेऊन दाखवून देतात. अस्सलायनसुत्तात याहून रोखठोक प्रश्न आहे. ब्राह्मणांच्या स्त्रियाही इतर स्त्रियांप्रमाणेच ऋतुमती होतात, गर्भ धारण करतात, प्रसूत होतात व स्तनपान करवितात. मग ब्राह्मण तेवढे ब्रह्म्याच्या मुखातून निघाले हे कोणत्या आधारावर म्हणायचे? योन व कंबोज देशांत आर्य व दास असे दोनच वर्ण असून तेही पालटू शकतात, हा सामाजिक निरीक्षणाचा दाखलाही तेथेच आला आहे.

तात्पर्य, ‘वज्रसूची’च्या युक्तिवादाचा मूळ प्रवाह पालि सुत्तांतून वाहत आला आहे. संस्कृत ‘वज्रसूची’चा कर्ता कोणीही असो, तो हीच परंपरा पंडितांच्या भाषेत व पंडितांच्या सभेत मांडत होता. ‘बौद्धांनी उपनिषदाची प्रत केली’ असे सुचविणाऱ्यांनी वासेट्ठ व अस्सलायन या दोन सुत्तांचा विचार केलेला नसतो. दोन संस्कृत ग्रंथांपैकी आधीचा कोणता, याचा निर्विवाद निर्णय करता येईल असा पुरावा उपलब्ध नाही, हे आम्ही मान्य करतो. परंतु मनुष्यजातीच्या एकत्वाचा मुख्य युक्तिवाद बौद्धांना बाहेरून आणावा लागला नाही, एवढे निःसंशय म्हणता येते.

कर्ता कोण?

आता कर्तृत्वाचा प्रश्न. अर्वाचीन काळात हा बौद्ध ग्रंथ प्रथम नेपाळातून बाहेर आला. तेथील ब्रिटिश प्रतिनिधी ब्रायन हॉजसन यांनी १८२९ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद रॉयल एशियाटिक सोसायटीकडे पाठविला. १८३९ मध्ये भोपाळचे पोलिटिकल एजंट लॅन्सलॉट विल्किन्सन यांनी मूळ ग्रंथ छापला आणि त्यासोबत सुबाजी बापू या पंडिताने जातिव्यवस्थेच्या समर्थनार्थ लिहिलेली ‘टंक’ ही प्रत्युत्तरपर रचनाही छापली. ग्रंथ आणि त्याचे खंडन एकाच बांधणीत प्रसिद्ध व्हावे, यावरून या वज्राच्या सुईची टोच अठराशे वर्षांनंतरही किती जाणवत होती याची कल्पना येते, असे लिहिण्याचा मोह होतो. पण ‘अठराशे वर्षे’ म्हणताना आपण अश्वघोषाचे कर्तृत्व गृहीत धरलेले असते, आणि तेच तर सिद्ध व्हायचे आहे.

जर्मन पंडित आल्ब्रेख्त वेबर यांनी १८६० मध्ये या विषयावरील आपला प्रबंध प्रसिद्ध केला व दोन्ही ‘वज्रसूचीं’ची तुलना केली. १९५० मध्ये सुजितकुमार मुखोपाध्याय यांनी शांतिनिकेतनातून संस्कृत मूळ व चिनी अनुवाद यांची सांगड घालणारी आवृत्ती काढली. या अभ्यासातून जी माहिती पुढे आली ती अश्वघोषाच्या पक्षाला फारशी अनुकूल नाही. दहाव्या शतकात, ९७३ ते ९८१ या काळात, फा-तिएन या भिक्खूने हा ग्रंथ चिनी भाषेत नेला. त्या अनुवादात कर्त्याचे नाव अश्वघोष नसून धर्मकीर्ती आहे. सातव्या शतकात भारतात येऊन गेलेला इत्सिंग अश्वघोषाच्या ‘बुद्धचरिता’ची थोरवी सांगतो, पण ‘वज्रसूची’चे नाव घेत नाही. तिबेटी तंजूर संग्रहातही अश्वघोषाच्या ग्रंथांत ती आढळत नाही. तिकडे राममोहन रॉय यांनी १८२७ मध्ये बंगालीत ‘वज्रसूची’ प्रसिद्ध केली, ती मृत्युंजयाचार्य यांच्या नावाने. अशा रीतीने अश्वघोष, धर्मकीर्ती, शंकराचार्य आणि मृत्युंजयाचार्य अशी चार नावे एकाच शीर्षकाभोवती गोळा झालेली दिसतात.

अश्वघोषाच्या बाजूने काय आहे? ग्रंथाच्या आरंभीचा नामनिर्देश, हा पहिला पुरावा. परंतु अश्वघोषाची जी काव्ये निर्विवाद आहेत, त्यांच्या पुष्पिकांत तो स्वतःची ओळख सुवर्णाक्षीचा पुत्र, साकेतचा भिक्षू, आचार्य, महाकवी अशी सविस्तर करून देतो. तशी ओळख येथे नाही. दुसरा पुरावा विचारांच्या साम्याचा. मध्य आशियातील तुर्फान येथे अश्वघोषाच्या ‘शारिपुत्रप्रकरण’ या नाटकाची त्रुटित पाने सापडली व ल्यूडर्स यांनी ती १९११ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात शारिपुत्राचा मित्र असलेला विदूषक, ब्राह्मणाने क्षत्रियाचा उपदेश घ्यावा काय, अशी शंका काढतो. तेव्हा शारिपुत्र त्याला उत्तर देतो की, हलक्या वर्णाच्या माणसाने दिले म्हणून औषध रोग्याला गुण देत नाही काय? हा प्रसंग ‘वज्रसूची’च्या वृत्तीशी जुळतो, यात शंका नाही.

परंतु याच कवीच्या ‘बुद्धचरिता’त उलट दिशेचाही दाखला आहे. पहिल्या सर्गात बोधिसत्त्वाच्या जन्माचे वर्णन करताना तो मांडीतून, हातातून, मस्तकातून जन्मलेल्या और्व, पृथू, मांधाता यांच्या कथा आठवतो, त्या जन्माची अलौकिकता वर्णिण्यासाठी. ‘वज्रसूची’त अशाच चमत्कारिक जन्मांच्या कथा जन्माचा बडेजाव मोडण्यासाठी वापरल्या आहेत. एकच लेखक एकच साधन दोन प्रयोजनांसाठी वापरू शकतो, हे खरे. पण केवळ विचारसाम्यावर कर्तृत्व उभे करता येत नाही, एवढा बोध यातून घ्यावा लागतो.

मग धर्मकीर्तीचा पक्ष बळकट मानावा काय? त्यालाही आधार आहे. आपल्या ‘प्रमाणवार्तिका’च्या पहिल्या परिच्छेदावरील स्ववृत्तीच्या शेवटी या महान नैयायिकाने बुद्धिमांद्याची जी पाच लक्षणे सांगितली आहेत, त्यांत वेदप्रामाण्य व कर्तावाद यांच्यासोबत जातीचा गर्वही गणला आहे. प्रतिपक्षाच्या गृहीतकांतून विसंगती काढण्याची ‘वज्रसूची’ची तर्कपद्धती कवीपेक्षा नैयायिकाला अधिक शोभते, असेही कोणी म्हणेल. पण येथेही सावध राहिले पाहिजे. शांतिदेवाचा ‘शिक्षासमुच्चय’ चिनी संग्रहात त्याच नावाखाली, म्हणजे धर्मकीर्तीच्या नावाखाली दाखल आहे. आणि ते चुकीचे आहे, हे सर्वमान्य आहे. सुंग काळातील एक नामनिर्देश असा चुकू शकतो, तर दुसरा आपण डोळे मिटून कसा स्वीकारावा?

मोठ्या नावाची ओढ

अश्वघोषाच्या बाबतीत हे प्रथमच घडत नाही. कुमारजीवाने पाचव्या शतकाच्या आरंभी चिनीत नेलेला कथासंग्रह ‘सूत्रालंकार’ या नावाने व अश्वघोषाच्या कर्तृत्वाखाली शतकानुशतके वाचला गेला. तुर्फानच्या त्रुटित पानांवरून ल्यूडर्स यांनी १९२६ मध्ये दाखवून दिले की, ती कुमारलाताची ‘कल्पनामंडितिका’ होय. तेथेही नामसाम्याचा घोटाळा होताच, कारण ‘महायानसूत्रालंकार’ हा योगाचार पंथाचा सर्वस्वी निराळा ग्रंथही प्रसिद्ध होता. ‘महायानश्रद्धोत्पाद’ हा ग्रंथही अश्वघोषाच्या नावावर आहे. पण तो सहाव्या शतकात चीनमध्येच रचला गेला असावा, असे आज बहुसंख्य अभ्यासक मानतात. मोठे नाव ग्रंथांना आपल्याकडे ओढून घेते. अनामिक लेखकाला आपले म्हणणे टिकावे असे वाटते आणि लेखनिकाला आपली पोथी आदराने वाचली जावी असे वाटते. यात नेहमीच कपट असते असे नाही. पण आपण वाचकांनी त्या ओढीला बळी पडता कामा नये.

सर्व पुरावा समोर ठेवता आमचे मत असे की, बौद्ध ‘वज्रसूची’ अश्वघोषाची आहे असे निश्चयाने म्हणता येत नाही, आणि धर्मकीर्तीची आहे असेही म्हणता येत नाही. तिचा उल्लेख ‘अश्वघोषाच्या नावावर असलेली वज्रसूची’ असा करणे हेच प्रामाणिकपणाचे होय.

महाराष्ट्रातील एक उदाहरण

या गोंधळाचा आपल्या मराठी भूमीशीही संबंध आहे. तुकारामांच्या शिष्या संत बहिणाबाई (१६२८–१७००) यांनी ब्राह्मण्य म्हणजे काय या विषयावर अभंग रचले असून, ते ‘वज्रसूची’वर आधारलेले असल्याचे सांगितले जाते. त्यासोबत अश्वघोषाचे नावही जोडले जाते, आणि मग सतराव्या शतकात एका ब्राह्मण स्त्रीने बौद्ध ग्रंथ मराठीत आणला, असा सुखद निष्कर्ष निघतो. हे अभंग काळजीपूर्वक वाचले असता त्यांची मांडणी उपनिषदाची असल्याचे ध्यानात येते. जीव, देह, वर्ण असे पर्याय ओलांडत ते ब्रह्मज्ञानापाशी येऊन विसावतात. पाणिनीच्या सूत्राचा उपहास किंवा पावलांच्या ठशांचा दाखला यांवर ते उभे नाहीत. बहिणाबाईंच्या धैर्याविषयी आम्हांस आदर आहे. परंतु त्यांच्या अभंगांचा उगम वेदान्तातील ‘वज्रसूची’त आहे, हे सांगितल्याने त्यांचेही काही उणे होत नाही आणि बौद्ध परंपरेचेही होत नाही.

खरा भेद कोठे आहे?

येथे एक आक्षेप येऊ शकतो. दोन्ही ग्रंथ जन्माधिष्ठित ब्राह्मण्य नाकारतात, दोन्ही ‘खरा ब्राह्मण’ सांगतात. धम्मपदातही ब्राह्मणवग्ग आहेच. मग एवढा भेद कशासाठी करावा? आक्षेप गंभीर आहे. ‘ब्राह्मण’ या शब्दाला नवा अर्थ देण्याचे कार्य बौद्ध वाङ्मयातही झाले आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. बौद्ध ‘वज्रसूची’च्या अखेरीस युधिष्ठिर व वैशंपायन यांचा संवाद घालून क्षमा, दया, सत्य हीच ब्राह्मणाची लक्षणे सांगितली आहेत.

परंतु नवा अर्थ कोणता आणि तो देताना जुन्या अर्थाचे काय केले, हे पाहिले पाहिजे. बौद्ध ग्रंथात कसोटी आचरणाची आहे. आचरण दिसते, तपासता येते, आणि ते चांडाळाच्या घरी जन्मलेल्यालाही साध्य आहे. शिवाय आधी मनुष्यजात एक असल्याचे सिद्ध करून मगच हा ग्रंथ गुणांकडे वळतो. म्हणजे वर्णभेदाचा पायाच तो शिल्लक ठेवत नाही. उपनिषदाची कसोटी आत्मसाक्षात्काराची आहे. तो कोणास झाला हे ठरविणार कोण? आणि तो झालेला माणूस ब्राह्मण ठरला, तरी गावकुसाबाहेरच्या माणसाला पाणवठा खुला होतो काय? एकाने व्यवस्थेवर प्रहार केला, दुसऱ्याने व्यवस्थेतील सर्वोच्च पदवीला आध्यात्मिक तेज चढविले. युक्तिवाद अर्ध्या वाटेपर्यंत सोबत चालतात. पुढे त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. नाव एक असल्यामुळे हीच फारकत झाकली जाते, म्हणून हा विवेक आवश्यक आहे.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत अश्वघोषाच्या काव्याचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे. काही प्रसंगांच्या कथनात आपण त्याची भाषाही घेतली, असे त्यांनी सांगितले आहे. ज्याचे जे आहे ते त्याला द्यावे, हा धडा त्यातही आहे. अश्वघोषाची थोरवी ‘बुद्धचरित’ व ‘सौंदरनंद’ यांवर भक्कम उभी आहे. तिला संशयित ग्रंथाच्या टेकूची गरज नाही. आणि केवळ परंपरेने सांगितले म्हणून, ग्रंथात लिहिले म्हणून वा गुरूने म्हटले म्हणून काही स्वीकारू नये, हा कालामांना केलेला उपदेश आपल्याला प्रिय असलेल्या गोष्टींनाही लागू केला पाहिजे. प्रतिपक्षाची शास्त्रे तपासायची आणि आपली सोडून द्यायची, हे बुद्धानुयायांना शोभणारे नाही.

शेवटी एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधतो. ‘वज्रसूची’ माणसाला विचारते की, तुझी योग्यता तुझ्या बापावरून का ठरावी? आणि आपण मात्र त्याच ग्रंथाची योग्यता त्याच्या जनकाच्या नावावरून ठरवू पाहतो. अश्वघोषाचा असेल तर थोर, अनामिकाचा असेल तर गौण, ही भूमिका त्या ग्रंथाच्याच शिकवणीच्या विरुद्ध आहे. त्याचा कर्ता एखादा अप्रसिद्ध भिक्खू असेल आणि त्याचे नाव काळाच्या ओघात नष्ट झाले असेल, तरी पावलांच्या ठशांचा त्याने विचारलेला प्रश्न आजही अनुत्तरित आहे. कर्तृत्वाचे संशोधन अवश्य व्हावे. दोन्ही ‘वज्रसूची’ मराठी अनुवादासह समोरासमोर छापून अभ्यासवर्गांत वाचल्या जाव्यात, अशी आमची सूचना आहे. मात्र त्या वाचताना कोणी लिहिले याआधी काय लिहिले हे पाहण्याची सवय आपण लावून घेतली, तर त्या अज्ञात लेखकाचे ऋण आपण काही अंशी फेडले, असे म्हणता येईल.